आकडा चढतो कसा, उतरतो कसा

'ॲक्टा न्यूरोपॅथॉलॉजिका' या जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर २०१६ साली १२ च्या थोडा वर होता. २०१७ साली तो १६ ला टेकला, २०१८ साली १८ ओलांडून गेला आणि २०१९ साली धपकन १४ वर आला. मेंदूच्या आजारांचा पेशी आणि ऊतींच्या पातळीवर अभ्यास करणारी मंडळी जगात थोडकीच. त्यांच्यात या जर्नलचा मान मोठा. व्हिएन्नाच्या फ्रान्झ झायटेलबर्गर यांनी १९६१ साली ते सुरू केलं. अशा जर्नलची प्रतवारी तीन वर्षांत दीडपट व्हावी आणि चौथ्या वर्षी पुन्हा ढासळावी, असं मेंदूच्या शास्त्रात त्या काळात काहीच घडलं नव्हतं. घडलं होतं ते एवढंच, की २०१६ साली त्यात एक निबंध छापून आला होता.

आधी हिशोब बघू. एखाद्या जर्नलचा २०१८ चा इम्पॅक्ट फॅक्टर काढायचा, तर २०१६ आणि २०१७ या दोन वर्षांत त्यात छापलेल्या मजकुराला २०१८ साली जगभरातल्या निबंधांतून किती वेळा संदर्भ दिला गेला, ते मोजायचं. त्याला त्या दोन वर्षांत छापलेल्या निबंधांच्या संख्येने भागायचं. येईल ती सरासरी. निबंध छापून आल्यानंतरची दोनच वर्षं धरायची, तिसऱ्या वर्षापासून त्याचे संदर्भ या हिशोबातून बाद.

तो २०१६ चा निबंध म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूच्या गाठींच्या वर्गीकरणाचा सारांश. जागतिक आरोग्य संघटनेचं हे वर्गीकरण दर काही वर्षांनी सुधारलं जातं, आणि बॉस्टनचे डेव्हिड लुईस आणि त्यांचे सहकारी त्याचा सारांश जर्नलमध्ये लिहितात. २००७ चा सारांशही 'ॲक्टा'तच आला होता. पण २०१६ ची गोष्ट वेगळी होती. तोवर मेंदूतल्या गाठीचं नाव ठरायचं ते सूक्ष्मदर्शकाखाली ती दिसते कशी यावर. ऑलिगोडेंड्रोग्लिओमा या गाठीतल्या पेशी गोल केंद्रकाच्या आणि भोवती स्वच्छ कडं असलेल्या, म्हणून पॅथॉलॉजिस्ट त्यांना सर्रास 'फ्राइड एग' म्हणतात. ॲस्ट्रोसायटोमाच्या पेशींना तंतू फुटलेले. आणि दोन्हीसारखं थोडंथोडं दिसलं, की निदान व्हायचं ऑलिगोॲस्ट्रोसायटोमा. या मिश्र नावाने पॅथॉलॉजिस्टांना फार छळलं. तीच स्लाइड एकाने पाहिली तर मिश्र, दुसऱ्याने पाहिली तर शुद्ध, आणि रुग्णाच्या उपचाराची दिशा या नावावर अवलंबून.

२००८ साली अशा गाठींमध्ये आयडीएच-१ या जनुकातला बदल सापडला. २०१६ च्या वर्गीकरणाने जनुकांना थेट निदानात आणून बसवलं. आयडीएचमध्ये बदल आहे आणि पहिल्या व एकोणिसाव्या गुणसूत्रांचे ठराविक भाग एकदमच गळाले आहेत, तर ऑलिगोडेंड्रोग्लिओमा. बदल आहे पण ते भाग शाबूत आहेत, तर ॲस्ट्रोसायटोमा. मिश्र निदान जवळजवळ निकालात निघालं. त्या दिवसापासून मेंदूच्या गाठींवर कुणीही काहीही लिहिलं, औषधाची चाचणी असो, एमआरआयचा अभ्यास असो की दहा रुग्णांचा छोटा अहवाल, तर पहिल्याच परिच्छेदात 'गाठींचं वर्गीकरण अमुक पद्धतीने केलं' असं म्हणून हा निबंध संदर्भाला द्यावाच लागे. त्याचे एकूण संदर्भ दहा हजारांच्या कधीच पुढे गेले.

समजा, एखाद्या जर्नलने दोन वर्षांत २५० निबंध छापले आणि त्यातल्या एकालाच वर्षभरात १,००० संदर्भ मिळाले. बाकीच्या २४९ निबंधांनी काहीही केलं तरी जर्नलचा आकडा या एकट्यामुळे ४ ने वर जातो. 'ॲक्टा'चा २०१६ चा निबंध २०१७ आणि २०१८ च्या हिशोबात होता. २०१९ साली तो हिशोबाबाहेर गेला आणि आकडा उतरला. निबंध तोच, लोक त्याचा संदर्भ देतच होते, पण जर्नलच्या नावावर तो जमा होईनासा झाला. क्रिकेटमध्ये एका त्रिशतकाने मोसमाची सरासरी फुगलेल्या फलंदाजाला आपण लगेच ओळखतो. त्याच्या बाकीच्या धावा कुठे आहेत, हे कट्ट्यावरचा पोरगाही विचारतो. जर्नलांच्या बाबतीत मात्र मोठमोठे प्राध्यापक हा प्रश्न विचारत नाहीत.

या कथेला पुढचा भाग आहे. वर्गीकरणाची पाचवी आवृत्ती २०२१ साली आली आणि तिचा सारांश 'ॲक्टा'त न येता 'न्यूरो-ऑन्कॉलॉजी' या दुसऱ्या जर्नलमध्ये छापला गेला. २०२१ साली १३ च्या आसपास असलेला त्या जर्नलचा आकडा २०२३ साली १६ च्या पुढे गेला. 'ॲक्टा'चा आकडा त्याच वर्षी १० च्या खाली आला. एका सारांशाने घर बदललं, तर पाहुण्यांची वर्दळही तिकडे वळली.

म्हणून 'ॲक्टा' नुसतं नशिबावर चढलं असं म्हणणं मात्र अन्यायाचं होईल. २००० च्या दशकाच्या सुरुवातीला त्याचा आकडा दोन-तीनच्या घरात रेंगाळत होता. पुढच्या दशकभरात तो वाढत गेला, आणि त्यामागे मोठ्या निबंधांची निवड, आढावालेख आणि विषयाची बदललेली दिशा ही खरी कारणं होती. शेवटचा कळस तेवढा त्या एका निबंधाने चढवला.

हा आकडा मुळात कशासाठी निघाला, हे इथे सांगायला हवं. अमेरिकेतल्या युजीन गारफिल्ड यांनी १९५५ साली 'सायन्स' साप्ताहिकात एक कल्पना मांडली. तिथल्या वकिलांकडे एकोणिसाव्या शतकापासून 'शेपर्ड्स सायटेशन्स' नावाचे ग्रंथ होते. कोणत्या निकालाचा आधार पुढे कोणत्या खटल्यात घेतला गेला, त्याची ही सूची. विज्ञानातही असं का करू नये, असा गारफिल्ड यांचा सवाल. पुढे फिलाडेल्फियात त्यांनी संस्था काढली आणि १९६० च्या दशकात 'सायन्स सायटेशन इंडेक्स' सुरू झाला. हजारो जर्नलांतली कोणती सूचीत घ्यायची हे ठरवताना लहान पण दर्जेदार जर्नल मोठ्यांच्या गर्दीत हरवू नये, म्हणून त्यांनी आणि अर्विंग शेर यांनी ही सरासरी काढली. पुढे ग्रंथपालांना वर्गणी कुठे भरायची हे ठरवायला ती उपयोगी पडली. १९७५ पासून जर्नलांचा वार्षिक अहवाल निघू लागला. माणसाची लायकी ठरवायला हा आकडा वापरावा, असं तेव्हा कुणाच्या डोक्यातही नव्हतं.

पण आकडा एकदा छापला, की त्याची मोहिनी पडते. कित्येक वर्षं तो दशांशानंतर तीन घरांपर्यंत छापला जायचा. १८.१७४ म्हटलं की प्रयोगशाळेतल्या काट्यावर तोलल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात काय मोजायचं हे अधूनमधून बदलतही आलंय. २०२० च्या आकड्यांत छापील अंकाआधी ऑनलाइन आलेल्या निबंधांनी दिलेले संदर्भही धरले गेले, आणि त्या वर्षी बहुतेक जर्नलांचे आकडे वर सरकले. 'ॲक्टा'ही १४ वरून १७ वर गेलं. शिवाय वरच्या संख्येत संपादकीयं आणि पत्रव्यवहाराला मिळालेले संदर्भ धरले जातात, पण भागायच्या संख्येत तो मजकूर 'निबंध' म्हणून मोजला जात नाही. २०२२ च्या आकड्यांपासून दशांशानंतर एकच घर छापलं जाऊ लागलं. एवढी सुबुद्धी व्हायला साडेचार दशकांहून अधिक काळ लागला.

नॉर्वेच्या पेर सेग्लेन यांनी १९९७ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये दाखवून दिलं होतं, की जर्नलमधले सर्वाधिक संदर्भित १५ टक्के निबंधच निम्मे संदर्भ ओढतात. म्हणजे मोठ्या जर्नलमध्ये छापून आलेला एखादा निबंध चांगला असेलच, हे जर्नलच्या सरासरीवरून सांगता येत नाही.

मग संदर्भ नेमके कशाला मिळतात? मेंदूविकृतीच्या बाबतीत याचं उत्तर स्वच्छ दिसतं. ते मिळतात मोजपट्टीला. नवा शोध लावणाऱ्या निबंधालाही मिळतात, पण ज्याच्या आधाराने बाकीचे आपलं काम मोजतील असा निबंध वर्षानुवर्षं संदर्भात राहतो. जैवरसायनशास्त्रातही हेच. जगात सर्वाधिक संदर्भित ठरलेला निबंध १९५१ चा, प्रथिनं मोजायच्या एका पद्धतीचा, लॉरी आणि सहकाऱ्यांचा. त्याचे संदर्भ तीन लाखांच्या वर आहेत.

'ॲक्टा'तली अशी सर्वांत गाजलेली मोजपट्टी १९९१ ची. फ्रँकफर्टच्या हाइको ब्राक आणि एव्हा ब्राक या दाम्पत्याने ८३ मेंदू तपासून अल्झायमरच्या विकृतीचे सहा टप्पे ठरवले. त्यांनी काय केलं ते नीट समजून घ्यायला शवविच्छेदनानंतर मेंदूचं काय होतं, ते पाहावं लागेल. ताजा मेंदू सुमारे १,३०० ग्रॅम वजनाचा आणि इतका मऊ असतो, की टेबलावर ठेवला तर आपल्याच भाराने पसरतो. म्हणून त्याच्या तळाच्या बॅसिलर रक्तवाहिनीखालून दोरा ओवून तो फॉर्मेलिनच्या बादलीत उलटा टांगतात. दोनेक आठवड्यांत तो घट्ट होतो. मग लांब पात्याच्या सुरीने समोरून मागे साधारण सेंटीमीटरभर जाडीच्या चकत्या पाडतात, ठरलेल्या जागांचे लहान तुकडे घेऊन ते मेणात बसवतात आणि मायक्रोटोमवर पाच मायक्रॉनच्या आसपास जाडीचे छेद काढतात. जगातल्या बहुतेक लॅबमध्ये आजही असंच चालतं.

ब्राक दाम्पत्याने मात्र छेद काढले १०० मायक्रॉनचे. रोजच्या छेदाच्या वीसपट जाड. त्यांना हंगेरीच्या फेरेंत्स गाल्याश यांच्या पद्धतीने चांदीचा रंग दिला. जाड छेदात चेतापेशी अख्ख्या दिसतात, आणि आत टाऊ प्रथिनाचा गुंता झाला असेल तर तो काळ्या ज्वाळेसारखा उठून दिसतो. अशा छेदांवरून त्यांना एक शिस्त सापडली. गुंता आधी मेंदूच्या आतल्या कडेला, हिप्पोकॅम्पसच्या शेजारच्या एका चिंचोळ्या पट्ट्यात दिसतो. हे टप्पे पहिला आणि दुसरा. मग हिप्पोकॅम्पस आणि आसपासच्या भागात, हे तिसरा-चौथा. शेवटी मेंदूच्या बाह्यकात सर्वत्र, हे पाचवा-सहावा. पहिल्या टप्प्यांतली कित्येक माणसं जिवंतपणी पूर्ण शाबूत बुद्धीची होती. स्मृती जायच्या कितीतरी वर्षं आधी विकृती सुरू झालेली असते, हे त्या काळ्या गुंत्यांनी उघड केलं. अल्झायमरमध्ये साचणाऱ्या दुसऱ्या प्रथिनाचे, म्हणजे ॲमिलॉइडचे, डाग मात्र माणसागणिक इतके वेगवेगळे पसरलेले दिसले, की त्यांवरून टप्पे पाडणं अवघड होतं.

१०० मायक्रॉनचे छेद काढायची सोय सगळ्यांकडे नसते. म्हणून २००६ साली हाइको ब्राक आणि सहकाऱ्यांनी 'ॲक्टा'तच दुसरा निबंध लिहिला. मेणातले नेहमीचे पातळ छेद आणि एटी-८ या अँटिबॉडीचा रंग वापरून तेच टप्पे कसे ठरवायचे, हे त्यात सांगितलं. शास्त्रीय नवलाई त्यात फारशी नव्हती. पण त्यामुळे ही मोजपट्टी मोठ्या संशोधनकेंद्रांच्या बाहेर पडून साध्या लॅबपर्यंत पोचली, आणि या निबंधालाही भरघोस संदर्भ मिळाले. आज जिवंत माणसाच्या मेंदूतलं टाऊ पेट-स्कॅनवर दिसतं, तेव्हाही ते ब्राकच्या टप्प्यांतच मांडतात. एव्हा ब्राक २००० साली वारल्या. १९९१ च्या त्यांच्या निबंधाचे संदर्भ अजून थांबलेले नाहीत. पण इम्पॅक्ट फॅक्टरच्या हिशोबात तो निबंध धरला गेला फक्त १९९२ आणि १९९३ साली.

मेंदूचा आजार वीस-तीस वर्षं मुरतो. मेंदूदान करणारी व्यक्ती जाते, मेंदू तपासला जातो, टप्पे जुळवले जातात, यातच दशक जातं. २०११ साली ब्राक आणि सहकाऱ्यांनी 'जर्नल ऑफ न्यूरोपॅथॉलॉजी अँड एक्सपेरिमेंटल न्यूरॉलॉजी'मध्ये १ ते १०० वर्षं वयाच्या माणसांच्या २,३३२ मेंदूंचा अभ्यास छापला. इतके मेंदू जमवायला लागलेला काळ आणि दोन वर्षांची मोजणी यांचा मेळ कसा बसायचा?

जर्नलचे अंक ओळीने चाळले तर विषयाचा प्रवासही दिसतो. सुरुवातीच्या दशकांत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातली चित्रं आणि दुर्मीळ रुग्णांची वर्णनं. १९८० च्या दशकापासून अँटिबॉडीने रंगवलेले छेद. १९९७ साली पार्किन्सनच्या रुग्णांच्या चेतापेशींत साचणाऱ्या गोळ्यांत अल्फा-सायन्युक्लीन, २००६ साली एएलएस या चेतापेशींच्या आजारात आणि विशिष्ट प्रकारच्या स्मृतिभ्रंशात टीडीपी-४३ ही प्रथिनं सापडली. हे दोन्ही मूळ शोध 'नेचर' आणि 'सायन्स'मध्ये आले, पण पाठोपाठ ती कुठे, कशी, किती पसरतात हे शोधणाऱ्या निबंधांची न्यूरोपॅथॉलॉजीच्या जर्नलांत रांग लागली. मग जनुकं, आणि २०१८ पासून डीएनए मिथायलेशनच्या ठशांवरून गाठ ओळखणारी संगणकीय पद्धत. दुसरीकडे, अमेरिकेतल्या रुग्णालयांत एकेकाळी मृत्यूंपैकी निम्म्यांच्या आसपास होणारी शवविच्छेदनं दहा टक्क्यांच्या खाली आली. पूर्वी दवाखान्यातून आपोआप येणारे मेंदू आता मेंदूपेढ्यांतून मिळवावे लागतात. भारतात बंगळुरूच्या निम्हान्समध्ये अशी पेढी १९९५ पासून आहे.

आणि मोजणीत जे येतच नाही, त्याचं काय? पुण्यात किंवा नागपुरात मेंदूच्या गाठीचा तुकडा लॅबमध्ये येतो, आयडीएचची अँटिबॉडी लावली जाते, रिपोर्टवर निदान लिहिलं जातं, त्यावर रेडिएशन ठरतं. रुग्णाच्या आयुष्याला वळण देणारा हा त्या वर्गीकरणाचा वापर कुठल्याही सायटेशन इंडेक्समध्ये नोंदला जात नाही. सर्वांच्या अंगवळणी पडलेली गोष्टही संदर्भातून गळते. हॅमेटॉक्सिलिन-इओसिनचा गुलाबी-जांभळा रंग जगातल्या प्रत्येक पॅथॉलॉजी लॅबमध्ये शंभराहून अधिक वर्षं रोज वापरला जातो. त्याच्या मूळ कर्त्याचा संदर्भ कुणी देत नाही.

'ॲक्टा'च्या जुन्या अंकांत मुंबईही आहे. जे. जे. रुग्णालयाच्या आवारात न्यूरोपॅथॉलॉजी उभी करणारे दाराब दस्तूर आणि तिथलेच बालरोगतज्ज्ञ पी. एम. उदानी यांनी १९६६ साली क्षयरोगाच्या मेंदूविकाराची विकृती त्यात मांडली. क्षयाने मेंदूच्या आवरणाला सूज येते, हे सर्वांना माहीत होतं. या दोघांनी दाखवलं, की काही मुलांमध्ये आवरणाची सूज फारशी नसतानाही मेंदूचा पांढरा भाग पसरून सुजतो आणि बिघडतो, आणि त्यामागे क्षयाच्या प्रथिनांवरची शरीराची अतिरेकी प्रतिक्रिया असावी. मुंबईच्या बालरोग वॉर्डांत अशी मुलं रोज दिसत. पण क्षयाचा मेंदू अभ्यासणारे जगात किती, आणि मेंदूच्या गाठींवर लिहिणारे किती? ज्या आजारावर श्रीमंत देशांत औषधांच्या चाचण्या चालतात, त्याच्या निबंधांना संदर्भ देणारे हातही तिथेच जास्त. म्हणून दोन विषयांचे आकडे शेजारी ठेवून तुलना करणं हा शुद्ध अडाणीपणा आहे, मग ती तुलना कितीही मोठ्या समितीने केलेली असो.

या शास्त्रात सर्वांत मोठा संदर्भ म्हणजे आजाराला आपलं नाव मिळणं. त्याचा हिशोब कुठलंही जर्नल ठेवत नाही, पण तोही बदलतो. १९२२ साली ज्यूलियस हॉलरफोर्डन आणि हुगो श्पाट्झ यांनी वर्णन केलेला लोह साचण्याचा आजार अनेक दशकं त्यांच्या नावाने ओळखला गेला. नाझी काळात ठार मारलेल्या मनोरुग्णांचे शेकडो मेंदू हॉलरफोर्डन यांनी स्वीकारले आणि अभ्यासले होते. त्यातले बरेचसे नमुने १९९० साली म्युनिकच्या दफनभूमीत पुरण्यात आले. २००१ साली आजाराचं जनुक सापडल्यावर नव्या निबंधांत जनुकावरूनच नाव दिलं जाऊ लागलं.

आपल्याकडे वैद्यकीय महाविद्यालयात बढती हवी तर निबंध लागतो, आणि मुलाखतीत जर्नलचा आकडा विचारला गेला नाही तर आश्चर्य. डिसेंबर २०१२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत जमलेल्या संपादक-संशोधकांनी जाहीरनामा काढला, की नेमणूक, बढती किंवा अनुदान देताना जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर वापरू नये. सह्या भरपूर झाल्या. सवय मात्र जुनीच.

'ॲक्टा'चा आकडा ज्यांच्या संपादकपदाच्या काळात बराचसा चढला, त्या वेर्नर पाउलस यांनीच पुढे वेगळा रस्ता धरला. २०२० साली जर्मनीतल्या म्युन्स्टर विद्यापीठातून त्यांनी 'फ्री न्यूरोपॅथॉलॉजी' सुरू केलं. लेखकाकडून पैसे नाहीत, वाचकाकडूनही नाहीत, मध्ये व्यापारी प्रकाशक नाही, आणि अर्थातच सुरुवातीला इम्पॅक्ट फॅक्टरही नाही. त्याच्या पहिल्याच खंडात एक मालिका निघाली. स्मृतिभ्रंश, स्नायूंचे आजार अशा एकेका शाखेतल्या जाणकाराने आदल्या वर्षातली दहा महत्त्वाची कामं निवडायची, आणि ती का निवडली हे स्वतःच्या सहीनिशी लिहायचं. कुणाला निवड पटली नाही, तर भांडायला समोर एक नाव असतं आणि त्याने दिलेली कारणं.